खाते पुसू नये, बंद करावे

संस्थेतून माणूस गेला की सर्व्हरवरचे त्याचे खाते त्याच दिवशी काढून टाकायचे, ही बहुतेक ठिकाणी शिस्तीची खूण मानली जाते. कॉलेजची संगणक प्रयोगशाळा असो, वीस-पंचवीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी असो किंवा एकट्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या जिवावर चाललेली पतसंस्था असो, 'यूझरडेल' ही आज्ञा दिली की विषय संपला असे समजले जाते. माझे मत याच्या उलट आहे. युनिक्स आणि लिनक्सवर खाते पुसून टाकणे हा निष्काळजीपणाच आहे, आणि तो शिस्तीच्या वेशात येत असल्यामुळे लवकर लक्षात येत नाही. माणूस गेला त्या दिवशी खाते बंद झालेच पाहिजे, यात तडजोड नाही. पण त्याची नोंद यंत्रावर राहिली पाहिजे, आणि त्या खात्याला दिलेला क्रमांक पुढे कधीही दुसऱ्या कोणाला मिळता कामा नये. खात्यांच्या व्यवस्थापनातले बाकीचे बहुतेक नियम या एका नियमातून निघतात.

याचे कारण युनिक्सच्या घडणीतच आहे. कर्नेलला माणसांची नावे ठाऊक नसतात. फाइल कोणाची, चालू असलेली प्रोसेस कोणाची, कोणाला काय वाचता येईल आणि काय बदलता येईल, हे सगळे यूझर आयडी नावाच्या एका पूर्णांकावरून ठरते. डिस्कवर फाइलची जी माहिती आयनोडमध्ये साठवलेली असते, तिच्यात मालकाचा फक्त क्रमांक असतो. 'एलएस'ने लांब यादी मागितली की मालकांची नावे दिसतात खरी. पण ती त्या क्षणी इटीसी डिरेक्टरीतल्या पासवर्ड फाइलमध्ये क्रमांक शोधून छापलेली असतात. उद्या त्या फाइलमध्ये त्याच क्रमांकासमोर दुसरे नाव आले, तर दहा वर्षांपूर्वीची फाइलसुद्धा उद्यापासून त्या दुसऱ्या माणसाची दिसेल. दिसेल एवढेच नव्हे, ती खरोखरच त्याची होईल. याच न्यायाने 'रूट' या नावाला स्वतःचा कसलाही अधिकार नाही, अधिकार शून्य या क्रमांकाला आहे. साध्यासुध्या दिसणाऱ्या नावापुढे कोणी शून्य लिहून ठेवले, तर ते खाते पूर्ण अर्थाने रूटच असते. म्हणून 'ऑक'ने पासवर्ड फाइलचा तिसरा रकाना तपासून शून्य किती ठिकाणी आहे ते अधूनमधून पाहावे. फ्रीबीएसडीवर 'टूर' नावाचे दुसरे शून्य क्रमांकाचे खाते मुळातच दिलेले असते. ते वगळता दुसरे शून्य कुठेही आढळले तर हातातले काम बाजूला ठेवून त्याचा छडा लावावा.

पासवर्ड फाइलच्या प्रत्येक ओळीत विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने असतात: लॉगिन नाव, पासवर्डची जागा, यूझर आयडी, गट क्रमांक, माणसाविषयीचे वर्णन, होम डिरेक्टरी आणि शेल. पाचव्या रकान्याला अजून 'जीकॉस' म्हणतात. बेल लॅब्जमधून जीकॉस प्रणालीवर चालणाऱ्या दुसऱ्या यंत्राकडे छपाईची कामे पाठवताना लागणारी माहिती एके काळी तिथे लिहीत, त्यावरून ते नाव चिकटले. क्रमांकाचे नाव करून देण्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅमला ही फाइल लागते, म्हणून ती सर्वांना वाचता येणे भागच असते. पूर्वी पासवर्डचे सांकेतिक रूपही याच फाइलमध्ये असे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात लोकांचे 3,289 पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांतले 2,831, म्हणजे सुमारे 86 टक्के, अगदी लहान तरी होते किंवा शब्दकोशात आणि नावांच्या याद्यांत सहज सापडणारे तरी होते. सांकेतिक रूप सगळ्यांच्या हाती असेल तर असे पासवर्ड उलगडायला फारसे काही लागत नाही. पुढे ही रूपे शॅडो नावाच्या, फक्त रूटला किंवा एखाद्या खास गटाला वाचता येणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये गेली आणि पासवर्ड फाइलमध्ये त्या जागी एक फुलीसारखे अक्षर उरले. गुपित वेगळे झाले आणि ओळख उघडी राहिली, हे योग्यच झाले. नावाने पासवर्ड फाइल असली तरी आज तिचे काम क्रमांक आणि माणूस यांची सांगड सांभाळणे एवढेच आहे, आणि खाते पुसताना आपण नेमकी तीच सांगड तोडतो.

आता 'यूझरडेल'ने काय होते ते पाहू. पासवर्ड आणि शॅडो या दोन्ही फाइलींतली ओळ जाते. होम डिरेक्टरीही काढायची असेल तर तसा वेगळा पर्याय द्यावा लागतो. तो दिला तरी त्या माणसाच्या सामाईक फोल्डरमधल्या, तात्पुरत्या डिरेक्टरीतल्या, दुसऱ्या डिस्कवरच्या, बॅकअपमधल्या फाइली जिथल्या तिथे राहतात. त्यांच्यावर आता नुसता क्रमांक दिसतो. मग नवा माणूस येतो. लिनक्सवरची 'यूझरॲड' आज्ञा आपणहून क्रमांक निवडते तेव्हा सध्याच्या खात्यांतला सर्वांत मोठा क्रमांक पाहून त्याच्या पुढचा घेते. याचा अर्थ असा, की सर्वांत शेवटी उघडलेले खाते पुसले तर पुढच्या माणसाला नेमका तोच क्रमांक मिळतो. डेबियनमधली 'ॲडयूझर' तर पहिला मोकळा क्रमांक शोधते, म्हणजे मधली रिकामी जागाही भरून काढते. तीन महिन्यांसाठी आलेला प्रशिक्षणार्थी जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि पहिल्याने मागे ठेवलेल्या सगळ्या फाइलींचा दुसरा मालक होतो. कोणी तसे ठरवलेले नसते, कोणाला ते कळलेलेही नसते. त्या फाइलींत डेटाबेसचा पासवर्ड असलेली एखादी स्क्रिप्ट असेल, कोणाच्या पगाराची यादी असेल, किंवा दुसऱ्या सर्व्हरवर जाण्याची किल्लीही असेल.

नुकसान फाइलींपुरते राहत नाही. ऑडिट लॉगमध्ये कोणी काय केले याची नोंद क्रमांकानेच होते. त्या लॉगमध्ये शोध घेणाऱ्या 'ऑसर्च' आज्ञेला ते क्रमांक नावांत रूपांतरित करायला सांगितले, तर ती आजच्या यंत्रावरची आजची यादी वापरते, आणि त्यामुळे दिशाभूल होऊ शकते असा इशारा तिच्या मॅन्युअलमध्येच दिलेला आहे. म्हणजे गेल्या वर्षी एकाने केलेली गोष्ट यंदा दुसऱ्याच्या नावावर छापून येईल. भारतात सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांना लॉग 180 दिवस जपायला सांगितले आहेत. लॉग जपायचे पण त्यातल्या क्रमांकांचे मालक पुसायचे, यात पालन फक्त कागदावरचे राहते. चौकशी झाली तर तो लॉग निरपराध माणसाकडे बोट दाखवील, ही मला सगळ्यांत गंभीर बाब वाटते. तांत्रिक बिघाड दुरुस्त करता येतो. माणसावर आलेला संशय तितक्या सहज निघत नाही.

एनएफएसने डिस्क वाटून घेणाऱ्या यंत्रांवर ही गोष्ट आणखी पसरते. त्याच्या नेहमीच्या, साध्या ओळख-पद्धतीत एक यंत्र दुसऱ्याला मी अमुक क्रमांकाचा आहे एवढेच सांगते आणि दुसरे त्यावर विश्वास ठेवते. एका यंत्रावर क्रमांक 1004 एका बाईंचा आणि दुसऱ्यावर 1004 दुसऱ्याच गृहस्थांचा असेल, तर दोघेही एकमेकांच्या फाइली आपल्या समजून उघडतील. तेव्हा यंत्रे एकापेक्षा जास्त झाली की क्रमांक सगळीकडे एकच हवा. बॅकअपचेही तसेच. 'टार' आपल्या संग्रहात नाव आणि क्रमांक दोन्ही लिहून ठेवतो. रूट म्हणून उलगडताना जीएनयू टार आधी नाव शोधतो, ते नव्या यंत्रावर नसेल तर क्रमांक वापरतो. पाच वर्षांपूर्वीचा बॅकअप आज उलगडला आणि दरम्यान ते नाव पुसून तो क्रमांक दुसऱ्याला दिलेला असेल, तर जुन्या माणसाचे सगळे दप्तर नव्याच्या ताब्यात जाते.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येतो, आणि तो वजनदार आहे. न वापरले जाणारे खाते ही उघडी खिडकी असते. 1986 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशोबात 75 सेंटांचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल यांनी तो शोधायला घेतला तेव्हा 'हंटर' नावाचे एक खाते सापडले, ज्याचे बिल पाठवायला पत्ताच नव्हता. पुढे कळले की घुसखोर वर्षभरासाठी इंग्लंडला गेलेल्या एका सहकाऱ्याचे पडून असलेले खाते वापरत होता. माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला, आणि मार्कुस हेस हा तिथला तरुण सोव्हिएत केजीबीला माहिती विकल्याबद्दल 1990 मध्ये दोषी ठरला. या प्रकरणाचा आधार घेऊन जुनी खाती पुसाच, असे कोणी म्हणेल. पण त्यातला धडा नीट पाहावा. ते पडून असलेले खाते धोक्याचे ठरले, कारण ते चालू होते. त्याची ओळ यादीत होती हा दोष नव्हता. आणि 'हंटर' पकडले गेले, कारण दोन वेगळ्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. पहिल्या गोष्टीवर उपाय खाते खरोखर बंद करणे हा आहे, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी नोंद टिकवावी लागते. पुसून टाकलेल्या खात्याशी कशाचाच ताळा घेता येत नाही.

खरोखर बंद करणे म्हणजे काय, हे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे, कारण इथेच चुका होतात. 'पासवर्ड' आज्ञेने खात्याला कुलूप लावले की लिनक्सवर शॅडो फाइलमधल्या सांकेतिक रूपाआधी एक उद्गारचिन्ह लागते, त्यामुळे कोणताच पासवर्ड जुळत नाही. पण एसएसएच किल्लीने येणारा पासवर्ड विचारून घेतच नाही, आणि अनेक यंत्रणांवर असे कुलूपबंद खाते किल्लीने उघडते. त्या आज्ञेच्या मॅन्युअलमध्येही हे लिहिले आहे आणि त्यावर खात्याची मुदतच संपवावी असा सल्ला आहे. म्हणून कुलूप लावून 'यूझरमॉड'च्या एक्सपायरडेट पर्यायाला 1 हा आकडा द्यावा. शॅडो फाइल दिवस 1 जानेवारी 1970 पासून मोजते, त्यामुळे खात्याची मुदत 2 जानेवारी 1970 ला संपलेली ठरते आणि किल्ली असो वा पासवर्ड, नेहमीच्या वाटेने प्रवेश मिळत नाही. त्यानंतर शेल 'नोलॉगिन' करावे, पण एवढ्यावर विसंबू नये. फाइल-वाटप किंवा मेलच्या काही सेवा शेलकडे पाहत नाहीत, आणि सांबा तर आपली वेगळी पासवर्डयादी ठेवतो. होम डिरेक्टरीतल्या किल्ल्यांची यादी बाजूला काढावी. क्रॉनमध्ये नेमून ठेवलेली कामे आणि 'ॲट'ची रांग पाहावी. सूडोच्या नियमांत नाव आहे का आणि कोणकोणत्या गटांत आहे, ते पाहून तिथून काढावे. सगळ्यात शेवटी, त्या क्रमांकाच्या नावाने अजून चालू असलेल्या प्रोसेस शोधून थांबवाव्यात. आधीच आत असलेल्या माणसाला दाराच्या कुलपाने काही फरक पडत नाही. हे सगळे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बसते, आणि ती स्क्रिप्ट शांतपणे, कोणी जाणार नसताना लिहून ठेवलेली बरी.

दुसरा आक्षेप क्रमांक संपतील हा आहे. युनिक्सच्या 1975 च्या सहाव्या आवृत्तीत यूझर आयडी 8 बिटांचा होता, म्हणजे सगळे मिळून 256. तेव्हा ही काळजी खरी होती. मग 16 बिट आले, आणि 2001 च्या लिनक्स 2.4 पासून 32 बिट, म्हणजे चार अब्जांहून अधिक. नेहमीच्या मांडणीत माणसांसाठी 1000 ते 60000 एवढाच पट्टा राखलेला असला, तरी दर वर्षी पाचशे विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजलाही तो शंभर वर्षांहून अधिक पुरेल, आणि तो वाढवताही येतो.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीने सगळ्यांत प्रामाणिक आहे. गेलेल्या माणसाची माहिती कायम ठेवणे त्याच्या खासगीपणाला धरून आहे का? ऑगस्ट 2023 मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे तत्त्व असे, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल, तर ती पुसावी. ते तत्त्व मला मान्य आहे, आणि माझ्या सूचनेशी त्याचे भांडण नाही. यंत्रावर टिकवायचे ते लॉगिन नाव आणि क्रमांक, एवढेच. वर्णनाच्या रकान्यातले पूर्ण नाव, खोली आणि फोन ही माहिती खाते बंद करतानाच काढून टाकावी. तो रकाना सर्वांना दिसतो, म्हणून तिथे फोन मुळात लिहूच नये. होम डिरेक्टरी ठरलेल्या मुदतीनंतर काढावी, आणि जाणाऱ्याला त्याच्या खासगी फाइली घेऊन जाण्याची संधी आधी द्यावी. क्रमांकामागचा माणूस कोण, हे फक्त एका वेगळ्या नोंदवहीत असावे, ती दोघा-तिघांनाच वाचता यावी, आणि तिच्यातले नाव किती काळ ठेवायचे ते संस्थेने लिहून ठरवावे. नाव गेले तरी क्रमांक वापरून झालेला आहे ही नोंद राहते, आणि तिच्यातून कोणाचा खासगीपणा उघडा पडत नाही.

नोंद न पुसता बंद करण्याची ही पद्धत महाराष्ट्रातल्या वाचकाला परकी वाटायचे कारण नाही. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव खोडरबराने पुसत नाहीत. फेरफार मंजूर झाला की त्या नावाला कंस होतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो, आणि हक्क कोणाकडून कोणाकडे कसा गेला हे पुढच्या पिढीला वाचता येते.

आता सगळे कंटेनरमध्ये आणि क्लाउडवर चालते, तेव्हा हा विषयच जुना झाला, असेही म्हटले जाते. ते बरोबर नाही. कंटेनरमधला 1000 क्रमांकाचा प्रोग्रॅम बाहेरच्या यंत्राच्या जोडलेल्या फोल्डरमध्ये लिहितो, तेव्हा क्रमांकांची वेगळी जुळणी केलेली नसेल तर ती फाइल बाहेरच्या 1000 क्रमांकाच्या माणसाची होते, आणि तो बहुधा पहिला ॲडमिनिस्ट्रेटर असतो. एलडॅपसारखी मध्यवर्ती डिरेक्टरी असली की सगळ्या यंत्रांवर क्रमांक एक राहतो हे खरे. पण तिथली नोंद पुसली तर चूकही सगळ्या यंत्रांवर एकदम होते. उलट बाजूचा पुरावा सिस्टिमडीकडून मिळतो. तो सेवांसाठी 61184 ते 65519 या पट्ट्यातले क्रमांक तात्पुरते देतो आणि पुन्हा वापरतो. पण त्यासाठी त्याला त्या सेवेला बाकीच्या डिस्कवर लिहिण्यापासून रोखावे लागते, तात्पुरती डिरेक्टरी वेगळी द्यावी लागते आणि सेवा थांबताच तिथले सगळे साफ करावे लागते. क्रमांक पुन्हा वापरायचा तर त्याची एकही खूण मागे उरता कामा नये, आणि वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते शक्य नसते.

नोंदवही कशी असावी? यंत्रापेक्षा वेगळ्या ठिकाणी ठेवलेली साधी मजकूर फाइल पुरते. क्रमांक, लॉगिन नाव, कोणासाठी, कोणाच्या मंजुरीने, कधी उघडले, कधी बंद केले, एवढे रकाने असावेत. डेटाबेस, बॅकअप वगैरे सेवांच्या खात्यांनाही एक जबाबदार माणूस असावा आणि त्याचे नाव तिथे असावे; अशी बेवारस सेवा-खातीच सर्वांत जास्त काळ उघडी राहतात. क्रमांक आधी वहीत लिहावा आणि मग 'यूझरॲड'ला तोच सांगावा, तिला निवडू देऊ नये. महिन्यातून एकदा 'गेटेंट'ने यंत्रावरची यादी काढून वहीशी ताडून पाहावी. यंत्रावर आहे आणि वहीत नाही असे एकही नाव निघाले तर त्याचा उलगडा झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. पासवर्ड फाइल हाताने सुधारावी लागलीच तर 'व्हीआयपीडब्ल्यू'ने उघडावी, म्हणजे त्याच वेळी दुसरे कोणी ती बदलणार नाही, आणि नंतर 'पीडब्ल्यूसीके' चालवून रकाने बिघडले नाहीत ना ते पाहावे. रिकामा राहिलेला दुसरा रकाना म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश, हे विसरू नये.

लॉगिन नावांचाही पुनर्वापर टाळावा, कारण मेलपेटी, क्रॉनची फाइल आणि सूडोचे नियम नावाने चालतात. आपल्याकडे आडनावावरून नावे पाडली की पाटील, जाधव, शिंदे लगेच दोन-तीन होतात, आणि एक गेला की त्याचे सुटसुटीत नाव दुसऱ्याला द्यायचा मोह होतो. मग पहिल्याला आलेली पत्रे दुसऱ्याच्या हाती पडतात. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने कोणी नाव बदलले, तर नवे खाते उघडू नये. 'यूझरमॉड'ने लॉगिन नाव बदलावे, क्रमांक तोच राहतो आणि फाइलींना हात लावावा लागत नाही. होम डिरेक्टरीचे नाव मात्र वेगळे सांगितल्याशिवाय बदलत नाही, आणि नावाने चालणाऱ्या वरच्या गोष्टी हाताने पाहाव्या लागतात. क्रमांक बदलायची वेळ आली तर काम जास्त आहे: होम डिरेक्टरीतल्या फाइली 'यूझरमॉड' बदलतो, बाहेरच्या तुम्हालाच शोधाव्या लागतात.

माणूस गेल्यावर काम अडू नये म्हणून त्याचे खाते चालू ठेवण्याची सवयही सोडावी लागेल. सामाईक काम पहिल्यापासून गटाच्या डिरेक्टरीत असावे आणि तिला सेटजीआयडी बिट लावलेले असावे, म्हणजे तिथली प्रत्येक नवी फाइल आपोआप त्या गटाची होते. तरीही कोणाच्या होममध्ये कामाच्या फाइली राहिल्या असतील तर त्या वारसदाराच्या नावावर 'चओन'ने मुद्दाम कराव्यात आणि वहीत तसे लिहावे.

ज्या यंत्रावर आजवर खाती पुसलीच आहेत, तिथे सुरुवात 'फाइंड'च्या नोयूझर पर्यायाने करावी. मालकाचे नाव उरलेले नाही अशा सगळ्या फाइली तो दाखवतो. त्यांतले क्रमांक गोळा करून प्रत्येकाचा जुना मालक बॅकअपमधल्या पासवर्ड फाइलींवरून, पगारपत्रकावरून, जुन्या पत्रांवरून शोधावा. सापडला तर त्याच क्रमांकाने त्याचे खाते पुन्हा निर्माण करून लगेच वर सांगितल्याप्रमाणे बंद करावे. नाही सापडला, तरी त्या क्रमांकाचे एक निनावी, मुदत संपलेले खाते उघडून ठेवावे, आणि वहीत मालक माहीत नाही असे तारखेसह लिहावे. त्या फाइली ठेवायच्या की काढायच्या हे नंतर सावकाश ठरवता येईल. तो क्रमांक मात्र त्या दिवसापासून कोणाला मिळणार नाही.